मनीचा उंबरा



आज एका मांजराविषयी लिहितो आहे. हसू नका. आपल्या संप्रदायाला जनावरांचं वावडं कधीच नव्हतं. रेड्याची, कुत्र्याची, गाढवाची गोष्ट तुम्ही कीर्तनात पन्नास वेळा ऐकली असेल. मांजराची मात्र कुणी सांगत नाही. ते बिचारं कीर्तन चालू असताना देवळाच्या पायरीवर झोपलेलं असतं.

आमच्या कुंडलच्या घरात मनी नावाची मांजरी आहे. पांढऱ्या अंगावर करड्या ठिपक्यांची. २०२० साली आपण सगळे घरात बसलो तेव्हा ती चार वर्षांची होती. त्या काळात मी तिच्याकडे जेवढं पाहिलं तेवढं आधीच्या चार वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि पाहता पाहता मला एक प्रश्न पडला, तो अजून सुटलेला नाही. म्हणून तो तुमच्यापुढे ठेवतो.

तारखा तुमच्या लक्षात असतीलच. १७ मार्चला पंढरपूरचं मंदिर दर्शनासाठी बंद झालं. २२ मार्चला जनता कर्फ्यू. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी, आणि तोच आपला गुढीपाडवा. चैत्री वारी घरात गेली. मी नोकरीमुळे सकाळी आठला घर सोडणारा आणि दिवेलागणीला परतणारा माणूस. मुलं शाळेला, घरातली रानात, तात्या म्हणजे आमचे वडील देवळात नाहीतर चावडीपुढच्या कट्ट्यावर. म्हणजे दिवसभर घर मनीचं. सोप्यातल्या तात्यांच्या आरामखुर्चीवर ऊन येईपर्यंत ती, ऊन आलं की धान्याच्या पोत्यांवर ती, दुपारी माडीवर ती. आम्ही तिच्या घरी मुक्कामाला येणारे पाहुणे होतो, रात्री येऊन सकाळी जाणारे. हे आम्हाला ठाऊक नव्हतं, तिला ठाऊक होतं.

आणि एके दिवशी पाहुणे उठलेच नाहीत.

पहिले आठ दिवस तिच्या तोंडावर जे भाव होते ते सांगता येत नाहीत. खुर्चीत तात्या. पोत्यांवर मुलं पुस्तकं पसरून. माडीवर मी, फोन कानाला लावून. ती एका जागेवरून दुसरीकडे जायची, उभी राहायची, आमच्याकडे बघायची. शेवटी परड्यातल्या वैरणीच्या गंजीवर जाऊन बसली आणि तिथून घराकडे बघू लागली. मला वाटतं, तिला आमची काळजी वाटली असावी. कारण आम्ही घरात होतो पण बसलेले नव्हतो. उठायचो, दारापर्यंत जायचो, परत यायचो. टीव्ही लावायचो, बंद करायचो. आकडे ऐकायचो, ते दुसऱ्याला सांगायचो. ती चार तास एका जागी बसू शकते. मला चार मिनिटं जमत नव्हतं. रोज हरिपाठ म्हणणारा माणूस मी. तो म्हणून झाला की मन लगेच वेशीबाहेर.

सावतोबांची आठवण तेव्हा आली. अरणचे सावता महाराज. पंढरपूर त्यांच्या गावापासून काही लांब नाही. तरी ते मळा सोडून गेले नाहीत आणि देवच त्यांच्याकडे आला, असं आपली परंपरा सांगते. ही कथा सांगताना आपण देव आला या भागावर माना डोलावतो. सावतोबा जागेवर होते, हा भाग सुटतो. देव यायचा तर घरी कुणी भेटायला तरी हवं ना? आम्ही घरात अडकलेलो होतो, घरी नव्हतो. एवढा फरक मनीनं मला वैरणीवर बसून शिकवला.

पण हे झालं सोपं शिक्षण. अवघड पुढे आहे.

माझी आजी प्लेगच्या गोष्टी सांगायची, तिनं तिच्या आजीकडून ऐकलेल्या. १८९६ साली प्लेग मुंबईत आला आणि पुढच्या काही वर्षांत सातारा जिल्ह्याच्या गावागावांत पसरला. घरात उंदीर मरून पडला की माणसं ओळखायची. मग गाव घरांना कुलपं लावून रानात जायचं, पाल-खोपटं घालून महिनोन्महिने राहायचं. गंमत बघा. त्या साथीत घर हाच धोका होता, म्हणून माणूस बाहेर पडला. या साथीत बाहेर धोका होता, म्हणून माणूस आत बसला. आणि कायदा तोच! १८९७ साली प्लेगसाठी केलेला साथरोग कायदा महाराष्ट्र सरकारनं मार्च २०२० मध्ये पुन्हा लागू केला.

प्लेग उंदरांच्या अंगावरच्या पिसवांतून पसरतो हे कळल्यावर मांजराला मोठा मान आला. अमरावतीला असलेल्या बुकॅनन नावाच्या सरकारी डॉक्टरनं १९०८ साली विलायतेच्या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला, की ज्या वस्त्यांत मांजरं आहेत तिथं प्लेग कमी दिसतो, म्हणून मांजरं पाळा. एका साथीत मांजर म्हणजे औषध.

आणि आमच्या साथीत? ५ एप्रिल २०२० ला बातमी आली, की न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका वाघिणीला कोरोना झाला. वाघिणीला झाला म्हटल्यावर वाघाच्या मावशीवर संशय आलाच. मुंबई-पुण्यात काही लोकांनी पाळलेली जनावरं रस्त्यावर सोडली. आमच्या गल्लीतही एकानं मला सांगितलं, "मांजर घरोघर फिरतंय, पोत्यात घालून लांब सोडून ये." मी सोडली नाही. पण खरं सांगतो माउली, त्या रात्री ती पायाशी येऊन झोपली तेव्हा मी पाय आखडून घेतला.

मे महिन्यात माझा चुलतभाऊ आला. आपल्या भागातली किती माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत, तुम्हाला माहीत आहे. सोनं-चांदी गाळायला खानापूर-आटपाडीकडचा माणूस जिथं नाही असं शहर सापडणार नाही. हा कोइमतूरला. दोन महिने दुकान बंद, खोलीत बसून. शेवटी पास काढून चौघांनी मिळून गाडी केली आणि गावाला आले. वेशीवर बांबू आडवे लावलेले होते. त्याला घरी न येता मराठी शाळेत चौदा दिवस राहायला सांगितलं. तो काही न बोलता गेला.

शाळा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. त्याच्या डब्याची जबाबदारी माझी. पहिल्या दिवशी मी डबा फाटकाबाहेरच्या दगडावर ठेवला, हाक मारली आणि तो बाहेर यायच्या आत वळून चालू लागलो. दुसऱ्या दिवशी हाकही मारली नाही. नुसती फोनची रिंग दिली. संध्याकाळी त्याचा फोन आला. मी उचलला नाही. काय बोलायचं? तोंडाला रुमाल बांधून पाठ फिरवून चाललेला भाऊ त्यानं खिडकीतून बघितलेला. तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन. तोही मी उचलला नाही.

चौथ्या दिवशी त्यानं माझ्या मुलाच्या फोनवर एक फोटो पाठवला. वर्गातल्या सतरंजीवर तो बसलेला, आणि त्याच्या मांडीवर मनी. खाली लिहिलेलं, "दादाला सांग, त्याची मनी हितं आलीया."

घरात एकच गलका झाला. तिला आत घेऊ नका. दूध परड्यात ठेवा. माडीची खिडकी लावा. मी स्वतः उंबऱ्याशी फळी आडवी लावली. ती आली, फळीपलीकडे बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. ओरडली नाही. नुसती बघत राहिली. तात्या खुर्चीतून हे सगळं बघत होते. ते म्हणाले, "आरं, तिला फळी लावलीस ते बरं केलंस. पर तू त्याला फोन केलास का?"

मी म्हणालो, "तात्या, तुमचं वय शहात्तर. साखर आहे. तुमच्यासाठीच करतोय ना हे?"

ते म्हणाले, "शाळंत जा म्हनलं न्हाई मी. फोन केलास का, एवढंच इचारलं."

इथं माझा प्रश्न आहे, आणि तो मला प्रामाणिकपणे मांडायचा आहे. कारण सोपं उत्तर देऊन मोकळं होणं मला पटत नाही.

सोपं उत्तर असं: मांजर श्रेष्ठ, माणूस कोता. तिनं अंतर पाळलं नाही, मी पाळलं, म्हणून ती संत आणि मी पापी. हे खरं नाही. मनी त्याच्याकडे गेली ती त्याच्या डब्यातल्या दूध-भाकरीसाठी आणि मोकळ्या मांडीसाठी. तिला साथ कळत नव्हती. जिला धोका ठाऊकच नाही तिच्या जवळ जाण्याला धैर्य म्हणायचं का? आणि मी अंतर ठेवलं हे चूक नव्हतं. डॉक्टर सांगत होते, सरकार सांगत होतं. घरात म्हातारा बाप होता. त्याला गळामिठी मारून मी घरी आलो असतो आणि तात्या गेले असते, तर त्याला मी भक्ती म्हटलं असतं का?

आमच्या गावाला दार उघडण्याचा इतिहास आहे, तो तुम्ही ऐकून असाल. १९४३ पासून पुढची तीन वर्षं क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं हे मोठं केंद्र. जी. डी. बापू लाड इथले, तुफान सेनेचे कॅप्टन रामचंद्र लाड इथले. रात्री-अपरात्री दारावर थाप पडली की लोकांनी भूमिगतांना घरात घेतलं, भाकरी दिली. इंग्रजांच्या पोलिसांना सापडलं तर घरादाराचं काय होईल हे ठाऊक असून घेतलं. वेशीवरचे बांबू बघून गावातला एक म्हातारा मला म्हणाला होता, "हेच ते गाव व्हय रं?" त्याचं बोलणं मला लागलं. पण नीट विचार केला तर ते दोन धोके सारखे नव्हते. तेव्हा दार उघडणाऱ्यानं स्वतःची मान पणाला लावली. मी शाळेचं फाटक ओलांडलं असतं तर तात्यांची आणि गल्लीतल्या दहा म्हाताऱ्यांची मान पणाला लावली असती, त्यांना न विचारता. दुसऱ्याच्या जिवावर उदार होणं ही उदारता नव्हे.

म्हणजे बांबू बरोबर, फळी बरोबर, रुमाल बरोबर. मग चूक कुठं?

चूक पाठीत होती, माउली. मी पाठ फिरवली तिथं. अंगाचं अंतर सहा फूट ठेवायला सांगितलं होतं. मी मनाचं अंतर कोइमतूरपर्यंत नेलं. हाक मारायला, थांबायला, "काय रे, झोप लागते का" विचारायला कुठल्या डॉक्टरनं मनाई केली होती? मी नियमाच्या आड लपलो. नियम काळजीपोटी होता आणि मी तो भीतीपोटी पाळला. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं: तोच डबा, तोच दगड, तोच रुमाल. पण आतल्या माणसाला फरक कळतो. त्याला दोन दिवसांत कळला.

आणि हे नवं नाही. ज्या शिवाशिवीविरुद्ध आपले संत आयुष्यभर उभे राहिले, ती अशीच कुठल्यातरी नियमाचं सोंग घेऊन घरात शिरते. नाथमहाराजांनी गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटातून पोर उचललं, तेव्हा बघणाऱ्यांच्या तोंडी नियमच होता ना? आपण वाळवंटात एकमेकांच्या पायावर डोकं ठेवतो, ती सवय अंगाची आहे की मनाची, हे वारीत कळत नाही. तिथं सगळेच ठेवतात. ते कळलं शाळेच्या फाटकाशी. प्लेगात रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १८९७ च्या मार्चमध्ये गेल्या. त्यांच्याएवढी ताकद माझ्यात नाही, आणि देवानं माझ्याकडून ती मागितलीही नव्हती. एक फोन मागितला होता.

दहाव्या दिवशी मी गेलो. फाटकापासून दहा पावलांवर उभा राहिलो आणि हाक मारली. तो पायरीवर येऊन बसला. मनी भिंतीवर होती. तासभर बोललो. काय बोललो? पाऊस, ऊस, त्याच्या दुकानाचं भाडं. मी माफी मागितली नाही, ते शब्द तोंडात आले नाहीत. पण उठताना तो म्हणाला, "उद्या येतूस न्हवं?" पुढचे चार दिवस रोज गेलो.

त्यानंतर महिनाभरानं आषाढी आली. तात्यांनी बेचाळीस वर्षं पायी वारी केलेली. देहू-आळंदीहून प्रस्थान झालं पण पालख्या तिथंच राहिल्या. ३० जूनला पादुका एसटीनं, मोजक्या माणसांसह पंढरपूरला गेल्या. ते टीव्हीवर बघून तात्या काही बोलले नाहीत. १ जुलैला पहाटे त्यांनी अंघोळ केली, गंध लावला, गळ्यात टाळ अडकवले आणि अंगणात तुळशीभोवती चालायला लागले. किती फेऱ्या घातल्या मोजल्या नाहीत. मनी तुळशीकट्ट्यावर बसून मान फिरवत त्यांना बघत होती. मांजराला यात काय दिसलं असेल? एक म्हातारा, कुठंही न जाणारा, आणि तरी पोहोचलेला.

दुपारी मी तात्यांना विचारलं, वाईट वाटतं का. त्यांनी मनीकडे बोट केलं. माकडाचं पिलू आणि मांजराचं पिलू हा दृष्टांत तुम्ही ऐकला असेल. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांमध्ये यावरून दोन पंथच झाले. माकडाचं पिलू आईला स्वतः घट्ट धरून असतं. मांजराचं पिलू काहीच धरत नाही, आई त्याला तोंडात धरून ठेवील तिथं राहतं. तात्या म्हणाले, "बेचाळीस वरसं म्या धरून व्हतो. वाटलं, म्या जातूय म्हनून पंढरी हाय. औंदा त्यानं मला मानगुटीला धरलं आन् हितं आनून ठिवलं. हितं तर हितं."

मला ते फार आवडलं. पण रात्री अंथरुणात पडल्यावर त्या दृष्टांतातली दुसरी बाजू दिसली आणि झोप उडाली. मांजराचं पिलू काहीच करत नाही असं नाही. ते एक काम करतं. ते ओरडतं. माडीच्या कोपऱ्यातून म्याँव ऐकू आलं की मनी जेवण टाकून धावते, हे मी तिच्या दोन वेतांत बघितलं आहे. चुलतभावाचे ते दोन फोन म्हणजे दुसरं काय होतं? त्यानं देवाला हाक मारली असेल. देव काही स्वतः फोन उचलायला येत नाही. तो तुमच्या-माझ्या खिशातल्या फोनवर ती हाक पाठवतो. पिलू ओरडलं होतं, आणि त्या दिवशी आईची जागा माझी होती.

दुसऱ्या वर्षी, २०२१ च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत मला स्वतःला कोरोना झाला. मी माडीवर एकटा, सतरा दिवस. डबा चुलतभाऊ आणायचा. जिन्याच्या तोंडाशी ठेवायचा, रुमाल बांधलेला, हात धुतलेले. नियम सगळे पाळून. पण डबा ठेवून तो जायचा नाही. अंगणात मागे सरून उभा राहायचा, मी खिडकीत येईपर्यंत. मी दिसलो की हात वर करायचा. कधीकधी मला उठवायचंच नाही. मी अर्धा तास उशिरा खिडकीशी जायचो, तर हा उन्हात उभा. त्याच्या पायाशी मनी. २०२० चा हिशेब त्यानं एकदाही काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं.

माउली, २०२२ ला वारी पुन्हा पायी निघाली. आपण पुन्हा एकमेकांच्या पायांवर डोकं ठेवलं, उराउरी भेटलो. साथ सरली, बांबू निघाले, फळी चुलीत गेली. मनी आता म्हातारी झाली आहे आणि दिवसभर तात्यांच्या खुर्चीत झोपते. तात्याच आता तिच्यासाठी उठून दुसरीकडे बसतात. प्रश्न तेवढा राहिला आहे, तो तुम्हाला विचारून थांबतो.

नियम सगळे पाळून झाले, वारी झाली, उपास झाला, माळ झाली. आता खिशातला फोन काढून बघा. न उचललेला एखादा फोन आहे का? कुणाचा आहे? तो आजच करा. आषाढीची वाट बघू नका.

रामकृष्णहरी.